खोरेसर

खोरेसर हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते विद्यार्थ्यांनी ठेवलेलं आहे, आणि असे खोरेसर पुण्यात निदान पन्नास तरी असतील. अभियांत्रिकी महाविद्यालयांत, पाणलोटाच्या संस्थांत, सल्लागार कंपन्यांत ते आढळतात. पाठीवर लॅपटॉपची बॅग, बुटांवर वाळलेला चिखल आणि खिशाला चार रंगांची पेनं, एवढ्यावर ओळखावेत. तालुका, जिल्हा, महानगरपालिका या माणसांनी उगाच ओढलेल्या रेघा आहेत असं त्यांचं ठाम मत असतं. पाणी जिकडून जिकडे उतरतं तीच खरी हद्द. आमच्या खोरेसरांना कुणी "मूळचे कुठले?" असं विचारलं तर "घोडचा. सध्या मुठेत असतो," असं सांगतात आणि विचारणारा चपापतो. मुलाला सोलापूरकडचं स्थळ सांगून आलं तेव्हा वहिनींनी पत्रिका पाहिली, सरांनी नकाशा पाहिला. "मुलगी सीनेच्या खोऱ्यातली आहे. हरकत नाही, पुढे हत्तरसंग-कुडलला भीमेशी संगम होतोच," म्हणाले. लग्न झालं.

सरांचा पोटापाण्याचा उद्योग म्हणजे संगणकात भीमा नदी चालवणं. वरच्या अंगाला जमिनीचं काहीतरी केलं की खालच्या अंगाला पाण्याचं काय होतं, हा त्यांचा प्रश्न. डोंगरउतारावरचं रान काढून शेत केलं, शेतात ज्वारीच्या जागी ऊस आला, उसाच्या रानात प्लॉट पडले, ओढ्यावर बंधारे बसले, तर उजनी धरणात येणारं पाणी वाढेल की घटेल, आणि कोणत्या महिन्यात? प्रत्यक्ष खोऱ्यावर प्रयोग करून हे पाहायचं म्हटलं तर एक पिढी आणि चार-पाच सरकारं खर्ची पडतील, शिवाय तुलनेला दुसरी भीमा कुठून आणायची? म्हणून मग खोऱ्याची प्रत संगणकात काढायची. उंचसखलपणा, माती, पिकं, रोजचा पाऊस, ऊन, वारा हे सगळं आत भरायचं आणि नदी सोडायची. यासाठी सर जे सॉफ्टवेअर वापरतात त्याला 'स्वॅट' म्हणतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या टेक्सासमधल्या टेंपल या गावच्या प्रयोगशाळेत जेफ अर्नोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केलं. ते फुकट मिळतं. पुण्यात त्याचा एवढा प्रसार का झाला, हे आता वेगळं सांगायला नको.

टेंपलच्या आसपासची जमीन काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी आहे. मृदाशास्त्रात ती आपल्या काळ्या रानाच्याच गणात मोडते. त्यामुळे या मॉडेलमध्ये भेगांचीसुद्धा सोय आहे. मृगाचं पाणी भेगांतून थेट खाली जातं, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं पाणी वरच्या वर निघून जातं, हे सगळं त्याला कळतं. सरांना याचा एवढा अभिमान की अर्नोल्डसाहेब मूळचे करमाळ्याचे असावेत असं ऐकणाऱ्याला वाटतं.

पण सरांचा खरा जीव आहे तो कर्व्ह नंबरवर. पडलेल्या पावसातलं किती मुरलं आणि किती वाहिलं याचा हिशेब एकाच आकड्यात बांधण्याची ही युक्ती अमेरिकेच्या मृदसंधारण खात्यानं १९५० च्या दशकात काढली. आकडा शंभराकडे गेला की पाणी पळतं, खाली आला की मुरतं. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि जमिनीचा आकडा ७० असला तर त्यातले ३३ मिलिमीटर वाहून जातात, आकडा ९० असला तर ७३. काँक्रीट, डांबर आणि छपरं यांचा आकडा ९८. एकदा हे डोक्यात भिनलं की माणूस जगाकडे दुसऱ्या नजरेनं बघूच शकत नाही. लग्नाला गेलेले सर लॉनवर उभे राहून "हे एकसष्ट धरा, पण पार्किंगनं घात केला," असं पुटपुटताना मी पाहिले आहेत. केस विरळ झालेल्या एका स्नेह्याला त्यांनी भर समारंभात "तुमचा कर्व्ह नंबर वाढलाय हो," असं काळजीनं सांगितलं. त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त तपासून घेतलं.

आमच्या सोसायटीनं पार्किंगमध्ये ब्लॉक बसवायचं ठरवलं, तेव्हा खोऱ्याच्या वतीनं सरांनी एकट्यानं विरोध केला. नोटीस बोर्डावर आलेख लावला. दुधाचे दर आणि पाणी न येण्याची वेळ यांच्यामध्ये तो महिनाभर होता. सभेत अध्यक्षांनी विचारलं, "सर, हे वाहिलेलं पाणी जातं कुठं?"

"आंबील ओढ्यात."

"मग आपल्याकडे तर साचत नाही ना?" असं म्हणून त्यांनी विषय मंजूर केला. २०१९ च्या सप्टेंबरात एका रात्रीच्या पावसात आंबील ओढ्यानं माणसं नेली. तेव्हापासून अध्यक्ष हा प्रश्न विचारत नाहीत. ब्लॉक मात्र आहेत.

या बाबतीत सरांचा आवडता दाखला पुण्याच्या वरच्या बाजूच्या मुळा-मुठा खोऱ्याचा आहे. १९८९ ते २००९ या वीस वर्षांत तिथे बांधकामाखालची जमीन ५.१ टक्क्यांवरून १०.१ टक्क्यांवर गेली आणि पिकांखालची ९.७ वरून १३.५ वर. संशोधकांनी हे स्वॅटमध्ये घालून पाहिलं. शहरामुळे नदीला येणारं पाणी वाढलं, कारण काँक्रीट पाणी पीत नाही. शेतीमुळे ते घटलं, कारण पीक पितं. खोऱ्याचा एकूण हिशेब केला तर दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. फरक दिसतो तो एकेका लहान पाणलोटात. सर हे सांगतात तेव्हा त्यांचा चेहरा फुललेला असतो आणि श्रोत्यांचा पडलेला. पुण्यानं नदीचं वाटोळं केलं हे ऐकायला आलेल्या माणसाला "बेरीज केली तर किरकोळ" हे उत्तर देणं म्हणजे सभा घालवणंच. पण सरांना त्याचं काही वाटत नाही. त्यांच्या मते निम्मं विज्ञान म्हणजे लोकांची निराशा योग्य आकड्यात मांडणं.

शेतकऱ्यांशी सरांचं जमतं, पण उशिरा जमतं. पहिल्या भेटीत ते लॅपटॉप उघडतात, तिथे चुकतं. शिरूरकडचे एक तात्या आहेत. त्यांनी रंगीबेरंगी नकाशावर बराच वेळ बोट फिरवून विचारलं, "यात आमचं रान कुठं हाय?"

आता स्वॅटची गंमत अशी की ते प्रत्येक उपखोऱ्यातली सारखी माती, सारखा उतार आणि सारखं पीक असलेली जमीन गोळा करून तिचा एकच गठ्ठा बांधतं. ती जमीन ओढ्याच्या काठची की डोंगराच्या कुशीतली, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. सरांनी खरं ते सांगितलं. "तात्या, तुमचं रान आहे, पण ठिकाणावर नाही."

तात्या गंभीर झाले. "मोजणी आणली का काय कुणी?"

पुढचं तर त्याहून बिकट होतं. गठ्ठे फार झाले की संगणक दमतो, म्हणून उपखोऱ्यात दहा टक्क्यांपेक्षा कमी असलेली पिकं सर वगळतात आणि त्यांची जमीन मोठ्या पिकांत वाटून टाकतात. तात्यांच्या सुनेची विहिरीकाठची मेथी-कोथिंबीर, शेजाऱ्याचं डाळिंब, गावाचं गायरान, सगळं एका बटणासरशी उसात आणि बाजरीत गेलं. एवढ्या लवकर सातबारा फिरवणं कुठल्या तलाठ्याच्या बापाला जमलं नसतं. तात्यांनी चहा पाजला, पण त्या दिवसापासून सर आले की ते आधी बांधावर जाऊन येतात.

मॉडेल बांधणं एकवेळ सोपं, त्याला खऱ्या नदीच्या रांगेत आणणं अवघड. नदीवर मोजणीचं ठिकाण असतं, तिथे रोजचा प्रवाह नोंदलेला असतो. आपली संगणकी नदी त्या नोंदींशी कितपत जुळते हे पाहायला नॅश आणि सटक्लिफ या दोघांनी १९७० साली एक गुणपत्रिका करून ठेवली आहे. हुबेहूब जुळलं तर १. शून्य आलं तर समजावं, एवढा खटाटोप न करता रोज सरासरी सांगितली असती तरी तेवढंच साधलं असतं. उणे आलं तर सरासरीसुद्धा तुमच्यापेक्षा हुशार. महिन्याच्या प्रवाहासाठी साधारण ०.५ ला पास आणि ०.७५ च्या वर विशेष प्रावीण्य, असा दहावीच्या बोर्डासारखा रिवाज आहे. सरांच्या घरातलं हवामान या आकड्यावर चालतं. मे महिन्यात वर्तमानपत्रात "उजनी उणे" अशी बातमी येते, कारण ११७ टीएमसीच्या त्या धरणातलं ६३ टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठ्यात धरलेलं आहे आणि पातळी त्याखाली गेली की टक्केवारी उणे लिहितात. नेमके त्याच दिवसांत सरही उणे असतात. वहिनी आल्यागेल्याला दारातच सांगतात, "आज उणे बारा आहेत, नंतर या."

आकडा वर आणण्यासाठी सर कळा फिरवतात. भूजल नदीला किती वेगानं मिळावं याची एक कळ, मातीच्या खालच्या थरातून बाष्पीभवन किती व्हावं याची दुसरी, अशा डझनावारी कळा आहेत. एका रात्री दोन अगदी वेगळ्या मांडण्यांतून तीच नदी तंतोतंत बाहेर आली. एकीत पाणी जमिनीखालून आलं होतं, दुसरीत वरून. कोणती खरी, हे नदीला विचारून कळत नाही. कीथ बेव्हन या इंग्रज जलशास्त्रज्ञानं ही अडचण फार पूर्वी मांडून ठेवली आहे. "मग तुम्ही काय करता?" असं मी विचारलं. सर म्हणाले, "दोन्ही ठेवतो. निधी देणाऱ्याला एक दाखवतो."

वहिनींना हे शास्त्र पटत नाही. "एकूण पाण्यात दहा टक्क्यांच्या आत चूक असली तर यांच्यात व्हेरी गुड म्हणतात. माझ्या महिन्याच्या खर्चात दहा टक्के म्हणजे वाण्याची अख्खी यादी जाते." सर त्यावर मॉडेलच्या पहिल्या दोन-तीन वर्षांचे आकडे धरायचे नसतात, माती आधी नीट भिजावी लागते, वगैरे समजावतात. हाच नियम त्यांच्या भाषणालाही लागू आहे. पहिली वीस मिनिटं टाकून द्यावीत, मग माणूस चांगला बोलतो.

एकदा सगळं जुळलं. पावसाळे जुळले, हिवाळे जुळले, फक्त उजनीच्या खाली काही टोकं राहिली. आभाळात ढग नाही, उन्हाळा रणरणतोय आणि नदी मात्र वाहते आहे. आषाढातही एक टोक, आणि त्याचा पावसाशी मेळ बसेना. सर आठवडाभर भूजलाच्या कळा पिळत होते. शेवटी मुलाच्या सोलापूरच्या सासूबाईंनी फोनवर सांगितलं, "अहो व्याहीबुवा, ते आमचं पिण्याचं पाणी. नदीतनं सोडतात. आन् आषाढीचं पंढरपूरला वारकऱ्यांच्या आंघोळीसाठी." टेक्सासच्या मॉडेलात विठोबासाठी कळ नाही. सरांनी धरणाच्या फाईलमध्ये तारखा हातानं भरल्या. तिथी दरवर्षी सरकते, त्यामुळे आता त्यांच्या टेबलावर कालनिर्णय असतं.

हसू येतं खरं, पण या माणसाला बोलावलेल्या सभेत बसून पाहावं. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार आलं. दरवर्षी पाच हजार गावं टंचाईमुक्त करायची होती. ओढे खोल झाले, बंधारे बसले, फलक लागले, आणि प्रत्येक फलकावर किती पाणी "निर्माण झालं" ते लिहिलेलं. सर फलकासमोर थबकतात. "निर्माण कसं होईल? पडलं तेवढंच आहे. फक्त आता ते इथं थांबलंय, म्हणजे खाली जायचं तेवढं कमी गेलं." बंधारा नको असं ते म्हणत नाहीत. पाणी थांबलं, विहिरींना आलं, त्यावर एक ज्यादा पीक निघालं, तर ते पीक जे पाणी पिऊन हवेत सोडतं ते कुणाच्या तरी वाटणीचं असतं, एवढंच त्यांचं म्हणणं. भरपूर पावसाच्या वर्षी हे कळून येत नाही. कमी पावसाच्या वर्षी खालच्याला कळतं. आणि प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी विहिरीच्या पाण्यानं भरलेली दिसली की मवाळ सरांचाही तोल जातो. "जमिनीच्या पोटात गार होतं ते काढून उन्हात वाळत घातलंय!"

हे त्यांनी एका ओढ्याकाठच्या गावात चावडीवर चित्रांसकट समजावलं. ऐकून घेऊन एक काकू म्हणाल्या, "वरल्या शिवारात बंधारं झालं, त्येंच्या हिरींना पानी आलं, ब्येस झालं. पन आमचा वढा संक्रांतीपतूर व्हायचा, आता दिवाळीलाच खडखडीत. पाऊस झ्याक आसला तर काय न्हाई. कमी पडला की मग कळतं."

सर उठून उभे राहिले. "काकू, हे तुम्हाला कसं समजलं?"

"समजायला काय? धुनं कुठं धुवायचं मग?"

सरांनी लॅपटॉप मिटला. पुढे त्यांच्या शोधनिबंधात, बारा पानी तक्त्यांच्या शेवटी, 'निष्कर्ष स्थानिक निरीक्षणांशी सुसंगत आहेत' असं एक वाक्य आलं. त्या काकू म्हणजे ते वाक्य.

आता उसाबद्दल. घाटमाथ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिथून दीडशेहून अधिक किलोमीटरवर इंदापूर-करमाळ्याकडे जेमतेम ५०० च्या आसपास. त्या पाचशेच्या पट्ट्यात दीड ते अडीच हजार मिलिमीटर पिणारा ऊस उभा आहे. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि सभेत कुणी बोलत नाही. सरांनी ते बोलायचा नव्हे, करायचा मार्ग काढला. एका मंगल कार्यालयात शेतकरी मेळावा होता. दोन नंबरच्या खुर्चीत कारखान्याचे एक संचालक. सरांनी पडद्यावर पहिला नकाशा दाखवला, आहे तसा. मग दुसरा. "इथे आपण खोऱ्यातला सगळा ऊस काढून रब्बी ज्वारी लावली आहे. उजनीत येणारं पाणी बघा."

पाणी कुणी बघितलं नाही. संचालक उठले. "ऊस कुणी काढला?"

"मी."

"किती?"

"सगळा. काल रात्री साडेअकराला."

"कुणाला इचारून?"

"अहो, फक्त फाईलमध्ये. मॅनेजमेंट फाईल असते, तिच्यात—"

"ती फाईल आत्ता कुणाच्या टेबलावर हाय?"

"माझ्याच."

म्हणजे अजून मुंबईला गेलेली नाही, हे ऐकून पुढच्या दोन रांगा जरा सैल बसल्या. तरी खबरदारी म्हणून, काढलेला ऊस पूर्ववत करावा असा ठराव आला. सूचक झाले, अनुमोदक झाले, टाळ्या पडल्या.

सर म्हणाले, "करतो की. पण लागण कुठली धरू?"

आणि सभा बदलली. एकजण म्हणाला आडसाली धरा, जुलै-ऑगस्टातली. दुसऱ्यानं सांगितलं, आमच्याकडं पूर्वहंगामीच जास्त, ऑक्टोबर-नोव्हेंबर. सुरूवाले मागून ओरडले. खोडवा किती, निडवा कोण ठेवतं, कालव्याचं आवर्तन लांबलं की विहिरीवर किती पाळ्या काढतात, ठिबक खरं किती रानात आहे आणि अनुदानापुरतं किती, रात्रीची लाईट असली की मोटर चालू ठेवून कोण झोपतं, सगळं येऊ लागलं. कुठल्या कचेरीत अर्ज करूनही सरांना जे कधी मिळालं नव्हतं, ते तास-दीड तासात चार रंगांच्या पेनांनी वहीत उतरलं. संचालकांनी स्वतःच्या रानाचा हिशेब दिला, वर "खतं बी लिवा," म्हणाले. सरांचा चहा गार झाला, दुसरा आला, तोही गार झाला. मी त्यांना इतकं सुखी मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

शेवटचं पान उलटून सरांनी मोठ्या उमेदीनं विचारलं, "आणि उजनीच्या फुगवट्यावर मोटारी एकूण किती?"

सूत्रसंचालकानं माईक ओढून घेतला आणि आभारप्रदर्शन सुरू केलं.